मंत्रचळाचे चित्र कसे काढावे?

दिघीतील आमच्या इमारतीतून एक तरुण कामगार चाकणच्या सकाळपाळीस निघतो. दाराला कुलूप लावतो, ओढून पाहतो, जिना उतरतो आणि पुन्हा वर येतो. कधी चार वेळा, कधी सात वेळा. तोवर कारखान्याची बस निघून गेलेली असते. कुलूप लागले आहे हे तो पुरते जाणतो. तथापि त्या जाणण्याने मनातील शंका मिटत नाही. शेजारी त्याला कौतुकाने ‘फार टापटिपीचा’ म्हणतात. सारा घोटाळा या शब्दात आहे.

या विकाराला मराठीत ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द आहे, परंतु विकाराची ओळख आपल्या घरांना पटलेली नाही. सोवळ्याच्या नावाखाली दिवसभर हात धुणाऱ्या, पाणी पुन्हा पुन्हा भरणाऱ्या कितीतरी स्त्रियांचे हाल घराण्याची शिस्त म्हणून खपून गेले. अलीकडे टेबलावरचे कागद नीट लावताना ‘मला जरा ओसीडी आहे’ असे हसत म्हणण्याची रूढी पडली आहे. थट्टा आणि कौतुक या दोहोंमुळे रुग्ण दवाखान्याची पायरी चढत नाही. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली (महाराष्ट्र त्यांत नव्हता, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे). निरनिराळ्या मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचे तीत आढळले.

अर्थशास्त्राच्या अध्यापकास येथे प्रथम दिसतो तो वेळ. चुकलेली बस म्हणजे बुडालेला रोज. आणि नेमकी हीच गोष्ट जनजागृतीच्या चित्रांत नसते. तेथे साबणाचे हात असतात, नाहीतर ओळीने मांडलेल्या पेन्सिली. म्हणजे पुन्हा टापटीपच! २०२० साली वीस सेकंद हात धुण्याची चित्रे जागोजागी लागली. ती आवश्यक होती यात शंका नाही. परंतु ज्याचे वीस सेकंद कधी संपतच नाहीत, त्याच्याकडे पाहावयास त्या धामधुमीत कोणास सवड होती?

आमच्या शेजाऱ्यास मी विचारले, तुमच्या आजाराचे चित्र काढावयाचे तर काय काढावे? तो म्हणाला, “सर, कुलूप नको, जिना काढा.”

या औद्योगिक पट्ट्यास चित्रांची भाषा परकी नाही. शिरस्त्राण, हातमोजे, धोक्याची खूण कामगार एका दृष्टिक्षेपात ओळखतो. तपासणीच्या तक्त्यावर सही झाली की ती बाब मिटते, हेही त्यास ठाऊक असते. मंत्रचळात ही सही कधी पुरी होत नाही, एवढे एका भित्तिचित्राने सांगितले तरी पुष्कळ झाले. सोय करण्याच्या भरात मात्र संकल्पकाने कुलपाची अवस्था दाखविणारे दिवे किंवा आठवण देणारी यंत्रे रुग्णाच्या हाती देऊ नयेत. त्यांनी शंकेस नवे खाद्य मिळते. व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या उपचारपद्धतीचा गाभा याच्या उलट आहे: भीतीला सामोरे जावयाचे आणि तपासण्याची कृती टाळावयाची. औषधांचाही उपयोग होतो. दहादा “लावलंय रे कुलूप” असे मायेने सांगणारी आई नकळत आजारास हातभार लावते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. अर्थात तिने एकाएकी मौन धरणेही बरे नव्हे. ते वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावे.

संकल्पन शिकविणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी कच्ची चित्रे आधी रुग्णांना दाखवावीत, मग छापावीत. ती कारखान्याच्या उपाहारगृहात, बसथांब्यावर आणि महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागावीत. खाली २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’चा निःशुल्क क्रमांक १४४१६ ठळक असावा. दरवर्षी १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची भाषणे होतातच; आमच्या महाविद्यालयात यंदा भाषणाऐवजी हा फलक लावावा, असे मी प्राचार्यांस लिहून कळविले आहे.