बाटलीवरचा त्रिकोण आणि पोटातले लेकरू



1968 साली पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण पुरे झाले. त्याच साली दिल्लीत कीटकनाशक कायदा झाला. धरणाचे पाणी आमच्या माळावर काही चढले नाही. कायद्याने पास केलेली बाटली मात्र घरोघर पोचली. तिला आम्ही औषध म्हणतो!

त्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. रंग कशावर ठरतो? किती मात्रेत प्रयोगातली निम्मी जनावरे मरतात, यावर. म्हणजे सरकारची मोजणी मढ्यांची. जे मरत नाही, पण आईच्या पोटातच ज्याची घडण बिघडते, त्याच्यासाठी त्रिकोणात रंगच नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने विसावर माणसे गेली, तेव्हा कुठे आरडाओरडा झाला.

क्लोरपायरीफॉस घ्या. वाळवीपासून कपाशीवरच्या अळीपर्यंत चालणारे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली 40 मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासून प्रसिद्ध केले. या मुलांच्या आया शेतावर गेलेल्या नव्हत्या. शहरातल्या इमारतींत झुरळांसाठी औषध मारले जाई, तेवढेच. तिथे घरगुती वापर 2001 च्या सुमारास बंद झाला, त्याआधीची ही बाळंतपणे. जन्मावेळी नाळेच्या रक्तात औषध मोजले होते. मुलगा आणि मुलगी यांच्या मेंदूच्या काही भागांत जो फरक साधारणपणे दिसतो, तो जास्त औषध भिनलेल्या मुलांत नाहीसा झाला होता, काही ठिकाणी उलटा. मुले चाळीसच, हे खरे. पण उंदरांवरच्या प्रयोगांतही गर्भात हे औषध गेले की नर-मादीवर वेगवेगळा परिणाम दिसतो.

पारावर कोणी याचा अर्थ ‘पोरगं बायकी होतं’ असा लावू नये. अभ्यास तसे म्हणत नाही. गर्भातल्या मुलाच्या अंगातलेच हार्मोन त्याच्या मेंदूची घडी बसवत असतात. त्या कामात बाहेरचे रसायन घुसते, एवढाच मुद्दा आहे. आणि तो पुरेसा आहे.

एंडोसल्फान आठवते ना? बोंडअळीसाठी आपणही मारले. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर ते हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षे फवारले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या मुलग्यांची तपासणी केली. वयात येणे लांबलेले, पुरुषी हार्मोन कमी, असा निष्कर्ष 2003 साली छापला. सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली 2011 च्या मे महिन्यात. मधली आठ वर्षे कोणाच्या शेतात गेली?

क्लोरपायरीफॉसचेही तेच. केंद्राने 2020 साली 27 कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात ते होते. 2023 च्या बंदी आदेशात ते नव्हते. युरोपने 2020 सालीच बंद केले. त्यांच्या लेकरांचा मेंदू मेंदू, आमच्यांचा काय सरकीची पेंड?

शहाणे म्हणतील, शेतकऱ्याने मोजे घालावेत. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो हो, पण ड्रममध्ये पाणी ओतते बाई. काल फवारलेल्या पऱ्हाटीत आज खुरपायला जाते बाई. फवाऱ्याने भिजलेले कपडे धुते बाई. दिवस गेलेले तिला स्वतःलाही महिना-दीड महिना कळत नाही. रोज बुडवून घरी बसायला तिला पगारी रजा आहे काय?

आमची मागणी सरळ आहे. गर्भावर काय परिणाम होतो याची तपासणी केल्याशिवाय परवाना नको, आणि तो परिणाम बाटलीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि आरोग्य खात्याने जिंतूर तालुक्यातल्या गरोदर बायांचे रक्त तपासून आकडे गावसभेत वाचावेत. आणि आपल्या घरापुरते बोलायचे, तर फवारणीच्या दिवसांत पाणी पुरुषांनी भरावे, आणि फवारलेल्या रानातून काढलेल्या बाईला ज्वारीच्या रानात तेवढ्याच रोजाचे काम द्यावे. जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध असेल त्याने उभे राहून बोलावे.