लेकरांच्या जबानीची भाषा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका खाजगी शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर शाळेच्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याची फिर्याद झाली. ती नोंदविण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला हजारो नागरिक लोहमार्गावर उतरले, तेव्हा कोठे यंत्रणेची झोप उडाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणात लक्ष घातले.

बदलापूर ठाणे जिल्ह्यात. सीमाभागाला त्याचे काय, असे कोणी विचारील. आम्ही उलट विचारतो: तेथील आईबापांना आपले दुःख निदान आपल्या भाषेत तरी सांगता आले. तोच प्रसंग निपाणीच्या किंवा खानापूरच्या एखाद्या मराठी मातेवर ओढवला तर? १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्या राज्यात आम्हांला डांबले आहे, त्याच्या कारभाराची भाषा कन्नड. पाच वर्षांच्या पोरीने हुंदके देत सांगितलेले चार शब्द कोणत्या भाषेत कागदावर उतरणार, आणि ते बरोबर उतरले की नाही हे तिच्या आईला कोण सांगणार?

कायदा याबाबत मुका नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा, ज्याला लोक 'पोक्सो' म्हणतात, त्याचे कलम १९ स्पष्ट आहे. बालकाला न कळणाऱ्या भाषेत मजकूर लिहिला जात असेल, तर त्याला दुभाषी दिलाच पाहिजे. जबानी मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावी, अधिकारी गणवेशात नसावा, हेही त्याच कायद्यात आहे. सीमाभागातील प्रत्येक ठाण्यात मराठी दुभाष्याची यादी तयार आहे काय, याचे उत्तर बेळगावच्या जिल्हा प्रशासनाने द्यावे. ही भीक नव्हे, संसदेने केलेला कायदा आहे.

आता थोडे घरचे बोलू. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आमच्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. तेव्हापासून 'मुलांना मराठी शाळेतच घाला' असे आम्ही दारोदार सांगत आलो. ज्याने हा आग्रह धरला त्याने त्या शाळेच्या आवारातील लेकरांची जोखीमही पत्करली, हे आम्ही विसरून चालणार नाही. संस्थाचालक आपल्या चळवळीतले, व्यासपीठावर आपल्या शेजारी बसणारे. म्हणून एखादी कुजबूज 'संस्थेची बदनामी नको' असे म्हणून दाबली जात असेल, तर त्या दाबण्यात आमचाही हात आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळूनही न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास वर्षभरापर्यंत कैद सांगितली आहे. त्यात मराठी-कन्नड असा भेद नाही, आणि नसावा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली. तीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. पण पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरतीच उरते असे आमच्या पाहण्यात आहे. विनाअनुदानित शाळांना तर ते बंधनही नाही. भरमसाट फी देऊन इंग्रजी शाळेत पोर घालणाऱ्या पालकाला तेथे विचारण्याचा अधिकारच उरत नाही. ज्याच्या खिशातून संस्था चालते, त्यालाच फाटकाबाहेर उभे करण्याचा हा अजब न्याय!

दोन गोष्टी मात्र सरकारची वाट न पाहता आजच करता येतील. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाची व्यवस्था स्त्री सेविकेकडेच असावी. आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मराठीत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवावा. डबाभर रंगाला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. येत्या पालकसभेत आयांनी मुख्याध्यापकांना सरळ विचारावे की, आमच्या पोरीने काही सांगितले तर ते प्रथम कोणाच्या कानी जाईल? त्या व्यक्तीचे नाव फळ्यावर लिहिले जाईपर्यंत सभेतून उठू नये.