एलियन कोणाला म्हणता?

एमएस करायला अमेरिकेत गेलेला एखादा मित्र आहे ना तुमचा? मग एका अधिकृत एलियनशी तुमची ओळख आहे, बॉस! तिथे शिकता शिकता चार पैसे कमावले की तो जो टॅक्स रिटर्न भरतो, त्या १०४०-एनआर फॉर्मच्या नावातच ‘नॉनरेसिडेंट एलियन’ आहे. पुढे ग्रीन कार्ड मिळालं की प्रमोशन. टॅक्सवाल्यांच्या लेखी तो ‘रेसिडेंट एलियन’!

गंमत सोडा, पण या शब्दाचा जन्मच मुळी असा आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्याचा’, म्हणजे आपला नसलेला. आधी तो परदेशी माणसाला चिकटला आणि आकाशातल्या पाहुण्याच्या वाट्याला नंतर आला. रिडली स्कॉटचा १९७९चा ‘एलियन’ आला आणि शब्दाला चक्क दात फुटले. २०२१ मध्ये अमेरिकन सरकारने इमिग्रेशन खात्यांना हा शब्द टाळायला सांगितलं, २०२५ मध्ये सरकार बदललं आणि शब्द परत आला. माणसं तीच, फक्त त्यांच्याकडे बघणारी नजर बदलली.

आपला ‘परग्रहवासी’ त्या मानाने सभ्य. पण त्याचेही वांधे आहेतच. जीवसृष्टी सापडण्याची आशा शास्त्रज्ञांना जिथे वाटते, त्यातले युरोपा आणि एन्सेलाडस हे ग्रह नाहीतच, अनुक्रमे गुरू आणि शनीचे चंद्र आहेत. युरोपावर जीवनाला पोषक परिस्थिती आहे का, हे बघायला नासाचं यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय. उद्या तिथल्या बर्फाखालच्या पाण्यात काही सापडलंच, तर ते बहुधा सूक्ष्म जंतू असतील. आता जंतूंना ‘वासी’ म्हणायचं? पुणेवासी, ठाणेवासी, तसे युरोपावासी?

बरं, पर्याय नाहीत असं नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकथासंग्रहाला नाव दिलं ‘यक्षांची देणगी’ आणि कादंबरीला ‘प्रेषित’. एक शब्द आजीच्या गोष्टीतला, दुसरा निरोप घेऊन येणाऱ्याचा. दोन्ही ऐकून दार लावून घ्यावंसं वाटत नाही. बॉलिवूडचंच बघा ना. ‘कोई मिल गया’मध्ये (२००३) त्याला ‘जादू’ नाव मिळालं आणि तो घरचाच झाला. ‘पीके’ला (२०१४) मात्र लोक विचारत सुटले, प्यायलास का? तेच त्याचं नाव पडलं. त्यातून तो कोण हे कुणालाच कळलं नाही, विचारणारे कसे आहेत ते मात्र कळलं.

खरी गोची आहे ती ‘पर’मध्ये. परग्रहवासी, परदेशी, परप्रांतीय. समोरच्याची पहिली ओळख काय, तर तो ‘इथला नाही’. त्याला काय येतं, काय आवडतं, हे सगळं नंतर. परग्रहवासी अजून आलेला नाही, त्यामुळे त्याला सध्या तरी वाईट वाटणार नाही. पण शेजारच्या क्युबिकलमधला तो पाटण्याचा मुलगा गेली दोन वर्षं तुमच्यासोबत डबा खातोय. त्याच्यामागे त्याला काय म्हणता? ‘तो भैया’ की त्याचं नाव?

आकाशातल्या मंडळींसाठी शब्द शोधायला वेळ आहे. याचं नाव मात्र तुम्हाला आजच माहीत असायला हवं.