वानराचे पोट बिस्किटासाठी नाही

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना मुरदोलीचे जंगल लागते. अशा जंगलरस्त्यांवर काळ्या तोंडाची वानरे दिसली की गाड्या थांबतात आणि खिडकीतून बिस्किटे, फुटाणे बाहेर येतात. शनिवारी तर मारुतीचे रूप म्हणून हात आणखी सैल सुटतो. भावना चांगली असली तरी वानराचे पोट या खाण्यासाठी घडलेले नाही.

वानर मुळात पानखाऊ आहे. लाल तोंडाच्या माकडासारख्या गालात अन्न साठवायच्या पिशव्या त्याला नसतात. त्याच्या जठराला मात्र कप्पे असतात. गाईप्रमाणेच या कप्प्यांत जिवाणू चिवट पाने आंबवतात आणि त्यातून वानराला ऊर्जा मिळते. आफ्रिकेच्या वर्षावनांतली कोलोबस माकडे याच कुळातली. त्यांचा अंगठा जवळजवळ नाहीसा झालेला, वानराचा आखूड. पण दोघांच्या पोटाची रीत एकच. पाने, वड-उंबराची फळे, मोहाची फुले हा वानराचा खरा आहार.

साखर आणि मैदा या कप्प्यांत झपाट्याने आंबतो आणि आम्ल वाढते. बैलाने धान्याच्या पोत्यात तोंड घातले की त्याचे पोट फुगते, तसाच हा प्रकार. वरवर तुकतुकीत दिसणारे वानर आतून आजारी असू शकते.

रस्त्यावर बसलेली टोळी वाहनाखाली सापडते, हातातली पिशवी हिसकावते, चावतेही. पुढे हीच वानरे गावात शिरून कवेलू फोडतात, परसबाग उद्ध्वस्त करतात. गावकऱ्यांचा संताप रास्त आहे. पण चटक माणसानेच लावली, हेही मान्य करायला हवे.

जंगलाचाही यात तोटा आहे. वानरांनी झाडावरून टाकलेली पाने-फळे चितळ खातात आणि वाघ-बिबट्या दिसताच वानर खाकरून सर्वांना सावध करते. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात हा राखणदार झाडावरच हवा.

म्हणून गाडी थांबवू नये, उरलेले अन्न रस्त्याकडेला टाकू नये. वानर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीज लशीबाबत सल्ला घ्यावा. हळद-चुना लावून वेळ घालवू नये. पुण्यच जोडायचे असेल, तर बांधावर एक उंबर लावावा.