जाहीर आवाहन : अखेरच्या उपचारांविषयी रुग्णालाच विचारावे

कॅन्सर शरीरात पसरला आहे आणि तो आता बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे उपचार संपले असे होत नाही. उपचारांचा हेतू बदलतो. वेदना, धाप, मळमळ, उडालेली झोप यांना आवर घालणे हे मुख्य काम होते. या टप्प्यावर काय करावे आणि काय करू नये, हे ठरवण्याचा पहिला हक्क रुग्णाचा. पुण्यातल्या कितीतरी घरांत मात्र सगळे त्याच्या पाठीमागे ठरते. रिपोर्ट कपाटात जातात, नातेवाईक डॉक्टरांच्या खोलीत आधी शिरतात आणि ‘आईंना काही सांगू नका’ अशी गळ घालतात. यामागे प्रेमच असते. पण केमोसाठी महिनोन्‌महिने येणाऱ्या बाईंना शेजारच्या खुर्चीवरून बरेच काही कळून चुकलेले असते. मुलांना त्रास नको म्हणून त्या गप्प राहतात आणि त्यांना त्रास नको म्हणून मुले.

याची झळ लागते ती एखाद्या रात्री. धाप वाढते, रुग्णवाहिका येते, अतिदक्षता विभागाच्या दारात व्हेंटिलेटरच्या संमतीपत्रावर सही मागितली जाते. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसतो. परदेशातला मुलगा फोनवर सांगतो, ‘मी पोहोचेपर्यंत सगळं चालू ठेवा.’ उपचार किती करायचे हे मग त्याच्या विमानाच्या वेळेवर ठरते. त्यात त्याचाही दोष नाही, कारण आईला काय हवे होते हे त्याला कुणी विचारू दिलेले नसते. सर्वत्र पसरलेल्या कॅन्सरमध्ये बंद पडलेले हृदय छाती दाबून पुन्हा सुरू झाले, तरी आजार जागचा हलत नाही. अशा रुग्णांवर हा प्रयत्न कोणत्या परिस्थितीत करू नये, याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रसिद्ध केली आहेत.

रुग्णाशी हे बोलल्याने तो खचेल आणि लवकर जाईल, ही भीती सार्वत्रिक आहे. पण बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच वेदनाशामक शुश्रूषेची जोड मिळाली, त्यांच्यावर अखेरीस आक्रमक उपचार कमी झाले. तरीही त्यांचे मध्यक आयुष्य ८.९ ऐवजी ११.६ महिने निघाले.

बोलणे बहुधा रुग्णच सुरू करतो. ‘पुढच्या दिवाळीला मी असेन की नाही कोण जाणे,’ असे तो सहज म्हणतो. ‘काहीतरीच काय बोलता बाबा, तुम्हाला काही होत नाही,’ असे उत्तर आले की विषय तिथेच मिटतो आणि सहसा पुन्हा निघत नाही. त्याऐवजी ‘असं का वाटतं तुम्हाला?’ एवढे विचारून थांबावे. पुढचे आपोआप येते : आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे, सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, शेवट घरी व्हावा की रुग्णालयात, नाकातली नळी चालेल का, कुणाला भेटायचे राहिले आहे. सगळे एका बैठकीत उरकण्याची गरज नाही. एखादा रुग्ण म्हणतो, ‘मला नका सांगू, सूनबाई ठरवेल.’ तीही त्याची इच्छाच, आणि ती सूनबाईंना वेळेवर सांगायला हवी. नेत्रदानाचेही विचारून ठेवावे. रक्ताचे व डोळ्याचे कॅन्सर वगळता बहुतेक कॅन्सर रुग्णांना ते करता येते, मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत.

शेवट घरी व्हावा असे ठरल्यास फॅमिली डॉक्टरांशी आधीच बोलावे. रात्री दोन वाजता ते येतील का आणि मृत्यूचे प्रमाणपत्र देतील का, हे स्पष्ट करून घ्यावे. या एका कागदावाचून अंत्यसंस्काराच्या पासासाठी ऐन दुःखात धावाधाव होते.

कायदाही आता रुग्णाच्या इच्छेच्या बाजूने आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट प्रथम मोकळी केली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजेच लिव्हिंग विलला, वैधता दिली. किचकट अटी जानेवारी २०२३ मध्ये सैल झाल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेतले की पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे त्यात लिहावी लागतात. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना आणि एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मृत्युपत्राशी याचा संबंध नाही. रुग्णाची निर्णयक्षमता गेल्यावर हे पत्र उपयोगी पडते, आणि तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळे तपासूनच निर्णय देतात. इंजेक्शन देऊन जीवन संपवणे भारतात गुन्हाच आहे.

मदतीसाठी पुणेकरांना लांब जायला नको. वारज्यातील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर १९९७ पासून कॅन्सर रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करत आहे आणि तिथे घरच्या माणसालाही सोबत राहता येते. तिथे गेले म्हणजे आशा सोडली, हा समज चुकीचा आहे. वेदना आटोक्यात आल्यावर पुष्कळ रुग्ण घरी परततात. मॉर्फिनची सवय लागेल या धास्तीने वेदना सोसत राहण्याचेही कारण नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेवर ते सुरक्षितपणे वापरता येते.

शहरातील ज्येष्ठ नागरिक संघ, गृहनिर्माण सोसायट्या आणि गणेश मंडळांनी या विषयावर डॉक्टर व वकिलांना बोलावून एक तरी बैठक घ्यावी. फॅमिली डॉक्टरांनी नातेवाईकांच्या आग्रहाखातर रुग्णाला वगळू नये. आणि ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराने या आठवड्यातच त्याच्याजवळ बसून विचारावे आणि तो सांगेल ते तारीख घालून औषधांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.