स्वस्ताईची सीमा

रविवारी पहाटे, उजाडण्यापूर्वी, कर्वेनगरातील एका सोसायटीतून मोटार बाहेर पडते. आत आईवडील, दोन मुले आणि आजी. डब्यात दशम्या आणि चटणी, थर्मासात चहा. वारज्यापाशी मोटार महामार्गाला लागते आणि दक्षिणेकडे वळते. जायचे आहे बेळगावला, आणि रात्री परतायचेही आहे. घरात लग्न आहे. शहापूरच्या पेठेत साड्या चांगल्या आणि स्वस्त मिळतात अशी ख्याती आहे. जमल्यास नामांकित कपड्यांच्या एखाद्या 'फॅक्टरी आउटलेट'मधून मुलांसाठी निम्म्या किमतीत कपडे घ्यायचे आणि सीमा ओलांडताच पेट्रोलची टाकी भरून घ्यायची, असा बेत आहे. हे कुटुंब कल्पित आहे. असा बेत आखणारी कुटुंबे कल्पित नाहीत.

या सहलीची टवाळी करणे सोपे आहे. 'चंगळवाद' हा शब्द उच्चारला की आपले कर्तव्य संपले, अशी पुरोगामी मंडळींची एक सवय आहे. परंतु चार पैसे वाचावेत म्हणून पहाटे उठणारे कुटुंब उधळे म्हणता येणार नाही. काटकसर हा मध्यमवर्गाचा जुना गुण आहे. तपासायचा आहे तो या काटकसरीचा हिशेब.

प्रथम घरचाच हिशेब पाहू. पुणे ते बेळगाव जाऊन-येऊन सुमारे 680 किलोमीटर. मोटार लिटरला 17 किलोमीटर धावते असे धरले तर 40 लिटर पेट्रोल लागते, म्हणजे आजच्या भावाने चार हजारांच्या वर खर्च. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि सीमेपलीकडे कोगनोळी, हत्तरगी येथील टोल निराळा. पलीकडचे पेट्रोल लिटरमागे तीन रुपयांनी स्वस्त आहे असे मानले आणि 40 लिटरची टाकी काठोकाठ भरली, तरी वाचतात 120 रुपये. वीस हजारांच्या बस्त्यावर दहा टक्के सूट मिळाली तर दोन हजार. म्हणजे स्वस्ताई गाठेपर्यंतच ती संपलेली असते.

एके काळी अशा प्रवासाला करांच्या तफावतीचा आधार होता. प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा, शिवाय शहराच्या वेशीवर जकात. पुण्यातील जकात 2013 मध्ये गेली आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला. आता साडीवरील कराचा दर लक्ष्मी रस्त्यावर जो, तोच शहापूरच्या पेठेत. गिऱ्हाईक दुकानात जाऊन माल हाती घेतो तेव्हा करातील राज्याचा हिस्सा सहसा त्या दुकानाच्या राज्याला मिळतो, एवढाच फरक. बेळगावच्या विणकराचा किंवा दुकानदाराचा हेवा करण्याचे येथे कारण नाही. तोही पुष्कळदा मराठीच बोलतो, आणि 1956 साली जी रेषा ओढली गेली ती त्याला विचारून ओढलेली नव्हती.

वस्तू व सेवा कराबाहेर उरले मुख्यतः पेट्रोल-डिझेल आणि मद्य. राज्यांच्या हाती स्वतःच्या मर्जीने वाढवता-घटवता येतील असे जे थोडे कर राहिले, त्यांत हे प्रमुख. साहजिकच सीमेवरील स्पर्धा तेथे एकवटली. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने उत्पादनशुल्क कमी केले, तेव्हा कर्नाटकाने आपलाही कर लगेच सात रुपयांनी उतरवला. महाराष्ट्राने तसे केले नाही, आणि कागलच्या अलीकडचे पंप व पलीकडचे पंप यांच्या भावात मोठी दरी पडली. पुढे 2022 मध्ये महाराष्ट्राने कर घटवला, 2024 च्या जूनमध्ये कर्नाटकाने वाढवला, आणि ती दरी आकसली. मोटारवाल्याला या उतारचढावात संधी दिसते. शासकीय दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यात फक्त एवढेच दिसू शकते की, दोन सरकारे जो पैसा मोटारवाल्याला सोडतात, तो दवाखान्याच्या अंदाजपत्रकातून वजा होतो.

मग 'आउटलेट'मधील निम्म्या किमतीचे रहस्य काय? शर्टावरील चिठ्ठीवर मूळ किंमत छापलेली असते, तिच्यावर काट मारून खाली नवी किंमत लिहिलेली असते. गिऱ्हाईक दोन आकड्यांमधील अंतर मोजतो आणि ती आपली कमाई मानतो. परंतु निम्म्या किमतीत विकूनही दुकानाला नफा उरत असेल, तर पहिला आकडा कशावर आधारलेला होता? डॉ. राममनोहर लोहियांनी दामबांधणीचा आग्रह धरला होता: कारखान्यातील मालाची विक्रीची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये. त्या सूत्राला अव्यवहार्य म्हणून हसणाऱ्यांनी ही काट मारलेली चिठ्ठी वाचावी. छापील किमतीचा उत्पादनखर्चाशी संबंध किती सैल आहे, याची कबुली तिथे व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने दिलेली आहे. आणि त्या चिठ्ठीवर तिसरा आकडा, म्हणजे शर्ट शिवणाऱ्या बाईच्या मजुरीचा, कधीच छापलेला नसतो.

त्या तिसऱ्या आकड्यासाठी सीमा ओलांडणारा खरा प्रवासी कर्वेनगरात राहत नाही. तो प्रवासी म्हणजे भांडवल. विडी कामगारांसाठी 1966 साली केंद्रीय कायदा झाला. केरळात तो लागू होऊ लागताच मंगळूरच्या एका बड्या विडी कंपनीने 1968 मध्ये कण्णूर भागातील आपले काम बंद केले आणि ती कर्नाटकात परतली. सुमारे 12,000 कामगार एका फटक्यात उघड्यावर पडले. त्यांनी 1969 मध्ये राज्य सरकारच्या साहाय्याने 'दिनेश बीडी' ही सहकारी संस्था उभी केली, हा भारतीय कामगार चळवळीतील उज्ज्वल अध्याय आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी दिनेश बीडी उभी राहत नाही. मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी 18 जानेवारी 1982 रोजी संप पुकारला, तेव्हा कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकले. तेथे राज्याची सीमाही ओलांडावी लागली नाही; संघटित कामगार आणि असंघटित कामगार यांच्यामधली सीमा पुरेशी होती.

बेळगावला जाणारी मोटार निपाणीवरून जाते. तंबाखूच्या वखारींत धुरळ्यात राबणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांचे हे गाव. 1980 च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना संघटित केले. अनिल अवचटांनी त्यांचे जिणे मराठी वाचकांपुढे आणले. याच महामार्गावर 1981 मध्ये तंबाखूचे शेतकरी भावासाठी ठाण मांडून बसले आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले. पिकवणाऱ्याला भाव नाही, वळणारीला मजुरी नाही, आणि दोघांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर स्वस्ताईच्या शोधात निघालेली मोटार. देशाच्या अर्थव्यवस्थेचे चित्र याहून थोडक्यात काढता येणार नाही.

कोणी म्हणेल, स्वस्त कापड गरिबालाही हवेच. हे खरे आहे. परंतु मोटारीने सीमा ओलांडून मिळणारी स्वस्ताई ज्याच्याकडे मोटार आहे त्याचीच असते. स्वस्ताईचा दुसरा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. मुंबईत नायगावला 1948 मध्ये अपना बाजार सुरू झाला, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी करावी, मधला नफा टाळावा, माल पारखून घ्यावा, ही त्यामागील दृष्टी. त्यासाठी कुणाची मजुरी कापावी लागत नाही आणि चाळीस लिटर पेट्रोलही जाळावे लागत नाही.

युरोपातही अशा सहली घडतात. स्वित्झर्लंडमधील कुटुंबे मोटारीने जर्मनीतील कॉन्स्टान्झला खरेदीस जातात. त्यांना आवर घालण्यासाठी स्विस सरकारने करमुक्त खरेदीची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून माणशी 300 फ्रँकवरून 150 फ्रँकवर आणली. याहून बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. शेजारच्या देशांतील कामगार रोज सकाळी उलट दिशेने सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये कामाला जातात, आणि त्यांच्यामुळे मजुरीची पातळी घसरू नये म्हणून 2004 पासून तेथे संरक्षक उपाय लागू आहेत. काम जिथे, मजुरी तिथली, हे त्यांचे सूत्र.

आपल्याकडे 1948 च्या किमान वेतन कायद्याने प्रत्येक राज्याला वेगळा दर ठरवू दिला. संसदेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या वेतनसंहितेत, राज्यांना ज्याच्या खाली जाता येणार नाही असे आधारवेतन केंद्राने ठरवावे, अशी तरतूद आहे. परंतु निरनिराळ्या भागांसाठी ते निरनिराळे ठरवण्याची मुभाही त्याच कलमात ठेवलेली आहे. कर सर्व राज्यांत एक हवा म्हणून घटना बदलता येते, मग एकाच धंद्यातील मजुरीचा तळ एक असण्यास अडचण कोणती? बाजारपेठ एक झाली, तेव्हा श्रमाची किमान किंमतही एक झाली पाहिजे. चळवळीने धरायची मागणी ही आहे, आणि ती विडी, यंत्रमाग व तयार कपडे या तीन धंद्यांपासून सुरू करता येईल.

कर्वेनगरातल्या मोटारीला अडवण्याची गरज नाही. ज्या हिंगण्याच्या माळावर धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी झोपडी उभारली आणि शहरातून तेथवर पायी ये-जा केली, त्याच माळावर आज ही वस्ती आहे. स्त्रीने स्वतःच्या श्रमावर मानाने जगावे, यासाठी तो खटाटोप होता. त्या संस्थेच्या छायेत वाढलेल्या मुली आज कमावतात आणि आपल्या पैशाने साडी निवडतात, ही आनंदाची गोष्ट आहे. कार्यकर्त्यांनी त्यांच्या दारी जावे, उपदेश न करता बसावे आणि एवढेच विचारावे: ही साडी विणणारीला आणि हा शर्ट शिवणारीला किती मिळाले, हे चिठ्ठीवर छापले पाहिजे की नको? उत्तर काय येईल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. हिशेब नीट मांडून दाखवला, तर काटकसरी माणूस तो समजून घेतो.