मुंबईत बोट बांधायची कुठे?

स्वतःची शिडाची बोट घेऊन मुंबई पाहायला येणाऱ्याला हे शहर पुढच्या दाराने भेटते. कुलाब्याच्या टोकाला वळसा घालून आत शिरले की ससून डॉक, गेटवे, ताज, नौदलाची गोदी, माझगाव, भाऊचा धक्का आणि शिवडीच्या चिखलावरून निघालेला अटल सेतू ओळीने समोर येतात. बंदर आहे म्हणून शहर आहे, हे पाण्यावरून लगेच कळते. अडचण त्यापुढची आहे. गेटवेसमोर बोट बोयाला बांधायची, छोट्या होडीतून पायऱ्या गाठायच्या आणि घारापुरी-मांडव्याच्या लाँचच्या गर्दीतून वाट काढायची. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे खरा, पण तो सभासदांचा. मुंबईने पूर्व किनाऱ्यावर पाहुण्या बोटींसाठी एक छोटा सार्वजनिक धक्का बांधावा आणि त्याचा काठ मुंबईकरांना फिरायला मोकळा ठेवावा, असे माझे मत आहे. दुसरी अट पाळायची नसेल, तर पहिल्या कामाला हात लावू नये.

श्रीमंतांच्या चोचल्यांसाठी सरकारी जागा कशाला, हा आक्षेप सर्वांत आधी येईल आणि त्यात तथ्य आहे. म्हणून लंडनचे उदाहरण नीट पाहावे. टॉवर ब्रिजच्या कुशीतली सेंट कॅथरिन गोदी 1828 साली मालासाठी उघडली, 1968 मध्ये बंद पडली आणि पुढे खासगी बोटींचे बंदर झाली. बोटींपर्यंत नेणाऱ्या तरंगत्या फळ्यांना कुलूप असते, पण गोदीचा काठ कोणालाही खुला आहे. जेवणाची सुट्टी झालेला कारकून तिथे निवांत चालतो. पॅरिसमध्ये बास्तीच्या चौकाशेजारच्या आर्सेनाल बंदरातही बोटींच्या कडेला सार्वजनिक बाग आहे. बोटवाला भाडे भरून थांबतो आणि काठ सगळ्यांचा राहतो. मुंबईत आज उलटे आहे. 1989 मध्ये न्हावा-शेवा सुरू झाले आणि कंटेनरचा बहुतेक व्यापार तिकडे गेला, तरी माझगाव ते शिवडी या पट्ट्यात सामान्य माणसाला भिंतीच दिसतात. दादरच्या माणसाला चौपाटी आहे. शिवडीकराला समुद्र शेजारी असूनही तो दिसत नाही.

भरती-ओहोटीचे कारण पुढे केले जाते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या पाण्यात जवळपास पाच मीटरचा फरक पडतो, हे खरेच. पण टेम्सचा फरक त्याहून मोठा आहे. सेंट कॅथरिनची दारे भरतीच्या सुमारासच उघडतात आणि आतले पाणी अडवलेले राहते. आपल्याला हे तंत्र परके नाही. 1914 च्या इंदिरा गोदीत जहाजे अशाच जलद्वारातून आत घेतली जातात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचही बंद असतात, तेव्हा पाहुण्यांची ये-जा आठ महिन्यांचीच धरावी. गाळ मात्र सतत उपसावा लागेल, आणि तो खर्च बोटींच्या भाड्यातून निघावा.

सुरक्षेचा प्रश्न यांहून गंभीर आहे. 2008 चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. पण पळवलेली मच्छीमार बोट सोडून ते रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथे नोंदवही नव्हती, पहारा नव्हता. त्यांना हटकले ते किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी. आल्या-गेल्याची नोंद, कस्टम आणि पारपत्र-तपासणी एकाच जागी करणारा धक्का असला, तर अनोळखी बोट लवकर ओळखू येईल. माणसांची वर्दळ असलेला काठ ओसाड काठापेक्षा सुरक्षित असतो. डिसेंबर 2024 मध्ये नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली, त्यानंतर तर गेटवेसमोरची दाटी कमी करण्याची गरज वेगळी सांगायला नको.

कोळ्यांचा आक्षेप मात्र उत्तर देऊन मिटवण्याजोगा नाही, तो मान्यच करायला हवा. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर आधीच जागा अपुरी आहे. तिथली एक फूटही जागा यासाठी घेऊ नये. कुलाब्याच्या निवासी पट्ट्यातही हे काम नको. रेडिओ क्लबजवळच्या जेट्टीवरून रहिवाशांना न्यायालयात जावे लागले, ते पुरे झाले. पोर्टाच्या वापरात नसलेल्या जागेतून एक कोपरा काढावा, आणि आराखड्यावर पहिली रेघ बोटींची न मारता चालणाऱ्यांच्या वाटेची मारावी, एवढी मागणी बंदर प्राधिकरणाकडे आणि महापालिकेकडे आहे.